कनेक्टर शोधण्याआधी कार्ड मोज

गडहिंग्लज

चि. ओंकार,

फोटो नीट पाहिले. कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या त्या जुन्या लेथचं दुखणं तू बरोबर ओळखलंस. कंट्रोल कार्ड ठणठणीत आहे, रॅकमधला एज कनेक्टर, म्हणजे कार्डाची कड ज्यात बसते तो, गेलाय. प्लास्टिकला तडा, कॉन्टॅक्ट सैल, म्हणून मशीन हादरलं की बंद पडतं. पण ‘सेम टू सेम कुठंच मिळत नाही’ असं तू म्हणतोस, तिथं माझं ऐक. जुन्या कनेक्टरचा फोटो दाखवत तू दुकानं फिरलास. त्याच्यावरचा नंबर पुसलाय, कंपनी कळत नाही. दुकानदार तरी काय शोधणार? तो तुकडा बाजूला ठेव आणि कार्ड हातात घे. तुला हवी असलेली बहुतेक माहिती कार्डाच्या त्या सोनेरी पट्ट्यांतच आहे. फोनवर आकडे राहत नाहीत म्हणून लिहून धाडतोय.

आधी मोजणी. शेवटचं अक्षर झेड दिसलं म्हणून एका बाजूला 26 पट्ट्या आहेत असं तू धरलंस. फोटोत मी मोजल्या, 22 भरल्या. अशा कार्डांवर एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला इंग्रजी अक्षरं असतात, आणि अक्षरांतून जी, आय, ओ, क्यू ही चार गाळतात, कारण ती 6, 1 आणि शून्याशी घोटाळा करतात. म्हणजे दोन्ही बाजू मिळून 44. हा फार चालणारा प्रकार आहे, दुर्मीळ नाही.

मग पिच, म्हणजे एका पट्टीच्या कडेपासून पुढच्या पट्टीच्या त्याच कडेपर्यंतचं अंतर. दोन शेजारच्या पट्ट्यांमधलं अंतर मोजून कधीच निर्णय करू नकोस. पहिल्या पट्टीच्या डाव्या कडेपासून शेवटच्या पट्टीच्या डाव्या कडेपर्यंत व्हर्निअर लाव आणि 21 नं भाग, कारण 22 पट्ट्यांत अंतरं 21 पडतात. 83.2 मि.मी. आलं तर पिच 3.96, म्हणजे इंचात 0.156. 84 आलं तर 4 मि.मी.चं मेट्रिक माप. एका फटीत हा फरक 0.04 मि.मी.चा, डोळ्याला दिसायचा नाही. पण बाविसाव्या पट्टीपर्यंत तो 0.8 मि.मी. होतो आणि कॉन्टॅक्ट पट्टीवरून घसरतो. कार्डाची जाडीही बघ. बहुतेक 1.6 मि.मी. निघेल. जास्त निघाली तर नेहमीच्या कनेक्टरमध्ये ते दाबून घालू नकोस, कॉन्टॅक्ट कायमचे फाकतात.

आता सगळ्यात धोक्याची गोष्ट. बाहेरून हुबेहूब दिसणारे दोन कनेक्टर आतून वेगळे असतात. एकात समोरासमोरचे दोन कॉन्टॅक्ट आतूनच जोडलेले असतात, दुसऱ्यात सुटे. तुझ्या कार्डाच्या दोन्ही बाजूंना वेगळे सिग्नल आहेत, तेव्हा तुला सुटे हवेत, म्हणजे ड्युअल रीडआउट. चुकून पहिला बसवलास तर सप्लाय सरळ सिग्नलला भिडेल. नवा तुकडा हातात आला की दुकानातच मल्टिमीटरनं समोरासमोरचे कॉन्टॅक्ट तपास. बीप आला तर परत दे.

आणि सोन्याचा मुलामा माग. कार्डावर सोनं आणि कनेक्टरमध्ये कथील, असा जोड हादरणाऱ्या मशीनवर टिकत नाही. बारीक घासणीनं कथलावर ऑक्साइड धरतं आणि काही काळानं तीच तक्रार परत येते. तू पट्ट्या पॉलिश पेपरनं घासणार होतास, ते मुळीच करू नकोस. चांगल्या कार्डावरसुद्धा सोन्याचा थर पाऊण मायक्रॉनच्या आसपास असतो, त्याखाली निकेल, मग तांबं. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड, एवढंच.

22 चा तुकडा मिळालाच नाही तर 28/56 चा शोध. व्हिडिओ गेमच्या मशीनसाठी जपानमध्ये 1985 साली जामा नावाचं माप ठरलं, त्याचा पिच हाच 3.96 आहे, आणि ते कनेक्टर अजून बनतात. तेविसाव्या जागेचे कॉन्टॅक्ट आधी काढून घे, मग बारीक पात्यानं तिथं काप. एका बाजूचा स्क्रू लावायचा कान जाईल, त्याजागी पट्टी करून बसव. इथं आपलं कोल्हापूरचं डोकं चालव. बाबूराव पेंटरांनी विष्णुपंत दामल्यांना हाताशी धरून सिनेमाचा कॅमेरा कोल्हापुरातच घडवला, 1920 च्या ‘सैरंध्री’च्याही आधी, ती हिंमत तुझ्यात असावीच. पण कॉन्टॅक्ट मात्र स्वतः वाकवून करू नकोस. फॉस्फर ब्राँझच्या त्या पट्टीची स्प्रिंग आणि दाब टेबलावर साधत नाही.

मालकाची शिफ्ट थांबली आहे आणि कुणीतरी तुला ‘वायरी सरळ कार्डावर सोल्डर कर’ असं सुचवलंय. ओंकार, हे अजिबात करायचं नाही. एकदा सोन्यावर सोल्डर चढलं की ती पट्टी कनेक्टरसाठी संपली. मशीन त्या दिवशी चालेल, मालक खूष होईल. पण पुढं एखादा आयसी गेला तर 44 वायरी उपटल्याशिवाय कार्ड बाहेर येणार नाही, आणि उपटताना पट्ट्या उचकटतील. असं कार्ड मग कोणीच हातात घेत नाही. तुझ्यानंतर कुणालातरी ते परत उघडायचं आहे, तो तूच असशील कदाचित. मालकाला स्पष्ट सांग की चार दिवस लागतील, आणि का लागतील तेही सांग. समजावून सांगितलं तर आपल्याकडचे कारखानदार ऐकतात, त्यांनीही आयुष्यभर मशीनंच सांभाळलीत.

जुना कनेक्टर काढण्याआधी प्रत्येक वायरीला नंबराची चिठ्ठी बांध आणि फोटो घे. कार्डाच्या कडेला जिथं खाच आहे तिथं नव्या कनेक्टरमध्ये प्लास्टिकची की बसव. ती नसेल तर घाईत कुणीतरी कार्ड उलटं खुपसणार. पहिला सप्लाय कार्ड न घालता दे, व्होल्ट योग्य जागी येतात का बघ, मग बंद करून कार्ड घाल.

पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईला लॅमिंग्टन रोडला विचारताना फोटो दाखवू नकोस. असं सांग: 22/44, पिच 3.96, ड्युअल रीडआउट, गोल्ड, वायर सोल्डर करायच्या टोकाचा. पिच वेगळा निघाला तर मागायच्या आधी मला कळव.

ताईला नमस्कार सांग.

तुझा,
मामा