आजोबांच्या कथा आणि नातवाची चित्रे
(चित्रकला व परिसर अभ्यास : इयत्ता तिसरी-चौथीच्या शिक्षकांसाठी)

प्राथमिक शाळेत येणारे मूल रिकाम्या हाताने येत नाही. घरच्या बोलीतील शब्द, आजीआजोबांनी सांगितलेल्या कथा आणि त्या कथांतील देव, दैत्य व पशुपक्षी त्याच्यासमवेत वर्गात प्रवेश करतात. या संचिताचा शाळा स्वीकार करते की अव्हेर, यावर मुलाचे पुढील शिक्षण पुष्कळ अंशी अवलंबून असते. या दृष्टीने कॅनडा देशातील आदिवासी चित्रकार नॉर्व्हल मॉरिसो यांचे चरित्र शिक्षकांनी अभ्यासण्याजोगे आहे.

बालपण व शाळा

मॉरिसो यांचा जन्म १९३१ च्या सुमारास ऑन्टॅरिओ प्रांताच्या उत्तर भागात अनिशिनाबे समाजात झाला. या समाजास ओजिब्वे असेही म्हणतात. थोरल्या नातवाने आईच्या माहेरी आजीआजोबांपाशी वाढावे, ही तेथील रीत. त्यानुसार ते आजोळी वाढले. आजोबा मोझेस नानाकोनागोस हे समाजाचे धर्मविधी व औषधोपचार जाणणारे पुरुष होते. भूर्जवृक्षाच्या सालीवर चिन्हे कोरून आपले ज्ञान जतन करण्याची त्या समाजात परंपरा आहे. तिचा व जुन्या कथांचा वारसा नातवास आजोबांकडून लाभला.

सहाव्या वर्षी त्यांना निवासी शाळेत धाडण्यात आले. आदिवासी मुलांना घरापासून दूर ठेवून त्यांची भाषा व चालीरीती विसरावयास लावणे, हा अशा शाळांचा उघड हेतू होता. कॅनडात दीड लाखांहून अधिक मुले या शाळांतून गेली. २००८ साली तेथील शासनाने त्याबद्दल संसदेत क्षमा मागितली. मॉरिसो यांचे शालेय शिक्षण दहाव्या वर्षाच्या सुमारास संपले. चित्रकलेचे धडे तर त्यांना कोणत्याही शाळेत मिळाले नाहीत.

कथांतील अद्भुत प्राणी

या कथांत दोन प्राणी प्रमुख आहेत. पहिला गर्जनापक्षी. त्याच्या पंखांच्या फडफडीने मेघगर्जना होते व नेत्रांतून वीज निघते, अशी श्रद्धा आहे. दुसरा मिशिपेशू, म्हणजे सरोवराच्या तळाशी राहणारा महामार्जार. त्यास शिंगे असून पाठीवर काटे असतात आणि तळातील तांब्याचा तो रक्षक मानला जातो. हा खवळला की सरोवरात वादळ उठते, म्हणून होडी लोटण्यापूर्वी पाण्यात तंबाखू अर्पण करीत. सुपिरियर सरोवराच्या काठी अगावा नामक खडकावर त्याचे तांबड्या रंगातील प्राचीन चित्र आजही दिसते.

तरुणपणी मॉरिसो अत्यवस्थ झाले असता समाजाच्या विधीनुसार त्यांना ‘ताम्र-गर्जनापक्षी’ हे नवे नाव देण्यात आले. पुढे चित्रांवर ते हेच नाव लिहीत, आणि तेही रोमन लिपीत नव्हे, तर पत्नीने शिकविलेल्या क्री लिपीत.

त्यांच्या चित्रांत ठळक काळ्या रेषेने आकृती बांधलेली असते. प्राण्याच्या उदरातील अवयव बाहेरून दिसावेत तसे रंगविलेले असतात आणि एका जीवापासून दुसऱ्या जीवाकडे रेषा जातात. या रेषा सृष्टीतील परस्परसंबंध दाखवितात.

१९६२ चे प्रदर्शन

१९६२ च्या उन्हाळ्यात टोरांटो येथील कलादालनाचे चालक जॅक पोलॉक हे चित्रकला शिकविण्यासाठी बिअर्डमोर या गावी आले असता त्यांनी मॉरिसो यांची चित्रे पाहिली. त्याच वर्षी टोरांटोस मॉरिसो यांचे स्वतंत्र प्रदर्शन भरले आणि त्यातील सर्व चित्रे विकली गेली. शाळेने जे विसरावयास लावले होते, तेच देशातील एका मोठ्या नगराने दाम मोजून घरी नेले.

या यशास दुसरी बाजूही होती. पवित्र कथा समाजाबाहेर प्रकट करणे निषिद्ध आहे, असा आक्षेप समाजातील काही वडीलधाऱ्यांनी घेतला. कथा लोप पावू नयेत म्हणून त्या रंगविणे अवश्य आहे, अशी मॉरिसो यांची भूमिका होती. दोन्ही पक्षांना त्या कथांचीच काळजी होती, हे ध्यानी घेतले पाहिजे.

१९७८ साली त्यांना ‘ऑर्डर ऑफ कॅनडा’ हा सन्मान मिळाला. २००६ साली ओटावा येथील राष्ट्रीय कलासंग्रहालयात त्यांच्या समग्र कार्याचे प्रदर्शन झाले. २००७ साली ते निवर्तले.

१९८९ साली पॅरिस येथे जगातील अनेक देशांच्या कलावंतांचे एक मोठे प्रदर्शन भरले होते. त्यात मॉरिसो यांच्याप्रमाणेच आजच्या पालघर जिल्ह्यातील वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे यांचीही चित्रे होती. घरच्या भिंतीवरील परंपरेतून आलेली कला जगापुढे जाऊ शकते, याचे हे आपल्याकडील उदाहरण होय.

वर्गात पाठ घेताना

१. प्रत्येक मुलाने घरी ऐकलेली एक कथा स्वतःच्या बोलीत सांगावी. शब्द प्रमाण भाषेतील नाही म्हणून कोणी हसू नये, याची दक्षता शिक्षकांनी घ्यावी.

२. कथेतील प्राण्याचे चित्र कोळशाने अथवा खडूने काढावे. फळ्यावर नमुना काढून देऊ नये. पायांची संख्या वा रंग ‘दुरुस्त’ करू नये. तो प्राणी असा का आहे, हे मुलालाच विचारावे.

३. एखादी कथा बाहेर सांगावयाची नाही, असे घरचे म्हणत असल्यास आग्रह धरू नये.

४. चित्रे पंधरा दिवस वर्गाच्या भिंतीवर लावावीत आणि ती पाहण्यास आजीआजोबांना निमंत्रण द्यावे.

अभ्यासासाठी प्रश्न

१. गर्जनापक्षी व मिशिपेशू यांच्या कथांतून निसर्गातील कोणत्या घटनांचा उलगडा केला आहे?
२. मॉरिसो यांनी आपले नाव क्री लिपीत का लिहिले असावे?
३. आपल्या गावातील नदी, डोंगर वा तळे यांविषयी कोणती कथा सांगितली जाते?