वाळूत रोवलेला खांब

मुलांनो, बादलीभर वाळूत एक काठी बोटभर रोवा आणि तिला बाजूने ढकला. काठी लगेच कलंडते. आता तीच काठी वीतभर खोल रोवा. या वेळी जास्त जोर लावावा लागतो. असे का होते? खालची वाळू वरच्या वाळूच्या भाराने घट्ट दाबलेली असते. म्हणून ती काठीला अधिक जोराने अडवते.

डेन्मार्कच्या पश्चिम किनाऱ्याजवळ, हॉर्न्स रेव्ह येथे २००२ साली समुद्रात ८० पवनचक्क्या उभारल्या गेल्या. त्यांच्या पायासाठी सुमारे ४ मीटर व्यासाचे पोकळ पोलादी खांब समुद्रतळाच्या वाळूत खोल ठोकले. अशा खांबांना वारा आणि लाटा रात्रंदिवस बाजूने ढकलतात. एका धक्क्याने खांब हलत नाही; पण लाखो धक्क्यांनी तो हळूहळू कलू शकतो. फार कलला, तर पवनचक्की बंद ठेवावी लागते. शिवाय वाहते पाणी बुडाची वाळू पळवते. म्हणून इंजिनिअर आधी वाळू तपासतात, खांबाचा व्यास व खोली हिशेबाने ठरवतात आणि बुडाभोवती दगड पसरतात.

स्वाध्याय
१. खालची वाळू काठीला जास्त का अडवते?
२. खांबाभोवती दगड का पसरतात?