जीवशास्त्र घ्या, पण गणित सोडू नका

नीटचा निकाल लागला की नाशिकच्या कॉलेज रोडवर एक प्रश्न हमखास कानावर पडतो. "एमबीबीएसला नंबर लागत नाही, आता बायॉलॉजी घेऊन करायचं काय?" विचारणारे बहुधा आई-वडील असतात. मूल शेजारी मोबाइलमध्ये मान घालून उभं. पुढचं वाक्यही ठरलेलं: "याचं बायो मात्र चांगलं आहे हो."

खरं तर ते अजून कळलेलं नसतं. नीटच्या ७२० गुणांपैकी ३६० जीवशास्त्राचे, आणि त्यातले बरेचसे एनसीईआरटीच्या पुस्तकाची किती पारायणं झाली यावर मिळतात. बीएस्सीच्या पहिल्या वर्षी आनुवंशशास्त्र, उत्क्रांती आणि परिसरशास्त्र भेटतं, तेव्हा पाठांतर पुरत नाही. तिथे मोजावं लागतं. कित्येक हुशार मुलं तिथेच अडखळतात, आणि नीटमध्ये मागे पडलेली काही तिथेच खुलतात.

मेंडेलचंच बघा. धर्मगुरू होता, बागेत वाटाणे लावले, एवढंच आपल्याला शाळेत सांगतात. हा माणूस व्हिएन्ना विद्यापीठात भौतिकशास्त्र आणि गणित शिकून आला होता, हे सहसा कोणी सांगत नाही. त्याने ५,४७४ गोल आणि १,८५० सुरकुतलेले दाणे मोजले, म्हणून तीनास एक हे प्रमाण हाती लागलं. १८६६ मध्ये छापून आलेलं त्याचं काम १९०० पर्यंत जवळपास दुर्लक्षित राहिलं.

आता हेच प्रमाण जिल्ह्यातल्या सुरगाणा-पेठकडे न्या. आदिवासी पट्ट्यात सिकलसेलची तपासणी चालते. डीएनएमधलं एक अक्षर बदलतं, त्यामुळे हिमोग्लोबिनमधलं एक अमिनो आम्ल बदलतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या होतात. आई-वडील दोघंही वाहक असतील, तर प्रत्येक गरोदरपणात आजारी मुलाची शक्यता एक चतुर्थांश. पहिलं मूल आजारी निघालं म्हणजे पुढची तीन सुटली, असं नाही. दर वेळी शक्यता तेवढीच. हे घरच्यांना त्यांच्या बोलीत समजावणं हे समुपदेशकाचं काम आहे, आणि त्याला संभाव्यता पक्की कळलेली असावी लागते. असा घातक दोष टिकला तरी कसा? वाहकांना मलेरियापासून बरंच संरक्षण मिळतं म्हणून. आनुवंशशास्त्राचा तास इथे उत्क्रांतीच्या तासाला जोडला जातो. २०२३ मध्ये सिकलसेल निर्मूलनाचं राष्ट्रीय अभियान सुरू झालं. त्याचं लक्ष्य २०४७ आहे, म्हणजे आज बारावीत असलेल्या मुलाची नोकरीची बरीच वर्षं त्यात येतात.

द्राक्षबागायतदारांच्या मुलांना तर उत्क्रांती घरीच दिसते. बाग कलमांवर किंवा काड्यांवर वाढलेली, त्यामुळे एका जातीची सगळी झाडं जनुकीयदृष्ट्या जवळपास सारखी. सोनाका किंवा तास-ए-गणेश या जाती थॉमसन सीडलेसमधूनच निवडून पुढे आल्या. समोर डाउनी मिल्ड्यू रोगाचा बुरशीसारखा जीव मात्र दर पावसाळी हवेत पिढ्यांमागून पिढ्या काढतो. एकच औषध पुन्हा पुन्हा मारलं, की त्याला न जुमानणारे प्रकार तेवढे मागे उरतात आणि वाढतात. डार्विनने सांगितलेली निवड एका हंगामात, तीही औषधाच्या बिलासकट. औषधाचे गट आलटून-पालटून वापरा, हा कृषी सल्लागाराचा आग्रह त्यातूनच येतो. ऑक्टोबर छाटणीआधी काड्यांचे डोळे सूक्ष्मदर्शकाखाली तपासून घड कितव्या डोळ्यात आहे ते बघतात. छाटणी किती डोळ्यांवर घ्यायची हे त्यावर ठरतं. वनस्पतिशास्त्राच्या पदवीधराला जिल्ह्यातच मिळणारं हे काम आहे. निर्यातीच्या द्राक्षांतले औषधांचे अंश तपासणाऱ्या प्रयोगशाळा वेगळ्याच, तिथे रसायनशास्त्र हवं.

निफाड तालुक्यातलं नांदूरमध्यमेश्वर २०२० मध्ये महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा, म्हणून जाहीर झालं. तिथले थापट्या, चक्रवाक, वारकरी हे पक्षी ओळखता येणं ही सुरुवात झाली. यंदा पक्षी खरंच कमी आले, की धुक्यात दिसले कमी, की पाणी उतरल्याने पलीकडे गेले, हे ठरवायचं तर ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळी, पुन्हा पुन्हा मोजून आकडेमोड करावी लागते. कॅमेऱ्याची महागडी लेन्स घेऊन देण्याआधी पालकांनी एवढं ध्यानात घ्यावं. पुण्याचे परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ फर्ग्युसनमध्ये जीवशास्त्र शिकले आणि हार्वर्डला जाऊन गणिती परिसरशास्त्राकडे वळले. पश्चिम घाटावर २०११ मध्ये आलेल्या समितीच्या अहवालाला त्यांचंच नाव लोकांनी दिलं.

म्हणून अकरावीच्या पालकांना माझं स्पष्ट सांगणं आहे: नीटचा भार हलका करायला गणित काढून टाकू नका. आयसर संस्थांच्या प्रवेश परीक्षेत ६० प्रश्न असतात, त्यातले १५ गणिताचे. एमएस्सीसाठीच्या आयआयटी जॅमच्या जैवतंत्रज्ञान पेपरातही गणित येतं. ज्यांचं सुटलंच आहे, त्यांनी पहिल्या वर्षापासून संख्याशास्त्र घ्यावं आणि 'आर' हे मोफत सॉफ्टवेअर शिकावं. भरून काढता येतं, पण घाम गाळावा लागतो.

आता पैशांचं. नुसत्या तीन वर्षांच्या बीएस्सीवर सुरुवातीचा पगार बेताचाच असतो, हे लपवण्यात अर्थ नाही. शिक्षक व्हायचं तर पुढे बीएड. वनसेवेच्या परीक्षेला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्राची पदवी चालते. संशोधनाचा रस्ता लांब आहे. पण नेट-जेआरएफ मिळाली तर २०२३ पासून महिना ३७,००० रुपये शिष्यवृत्ती मिळते, आणि चार वर्षांच्या पदवीत ७५ टक्के असतील तर एमएस्सीशिवायही पीएचडीचा दरवाजा उघडतो. घरची गरज लगेच कमावण्याची असेल, तर प्रयोगशाळा तंत्रज्ञानाचा डिप्लोमा किंवा बी. फार्म. आधी बघा, त्यात कमीपणा नाही. शेतीची ओढ असेल तर सीईटी देऊन बीएस्सी कृषी.

प्रवेश घेताना आरवायके असो, केटीएचएम असो की तालुक्याचं कॉलेज, इमारतीपेक्षा एकच चौकशी करा: पहिल्या वर्षाच्या मुलांच्या हाती सूक्ष्मदर्शक किती वेळ येतो आणि क्षेत्रभेट खरंच होते का? विभागप्रमुखांना नाही, दुसऱ्या वर्षाच्या एखाद्या मुलीला विचारा. आणि प्रश्न वडिलांनी नको, मुलानेच विचारावा.