नक्षी बदलणारी चिप

शहापूर-मुरबाडकडच्या आपल्या कित्येक बांधवांचा भिवंडीच्या मागांशी या ना त्या नात्याने संबंध येतो. म्हणून ‘प्रोग्रॅमेबल चिप’ हे जड नाव आम्ही मागावरूनच उलगडतो.

जॅकार्ड माग आठवा. फ्रान्समधल्या ल्यों शहरच्या जोसेफ मारी जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास तो उभा केला. पुठ्ठ्याला भोक असेल तिथे सुई आत शिरते, हुक उचलला जातो आणि ताण्याचा धागा वर चढतो. भोक नसेल तिथे धागा खालीच. नक्षी बदलायची तर माग मोडावा लागत नाही, पुठ्ठ्यांची माळ बदलली की झाले.

साधी चिप म्हणजे एकाच नक्षीचा माग. कारखान्यातून आली तशीच ती जन्मभर चालणार. प्रोग्रॅमेबल चिपमध्ये लहान लहान कप्पे आणि त्यांना जोडणाऱ्या तारा तयार असतात. कोणत्या कप्प्याने काय करायचे आणि कोणाशी जोडून घ्यायचे, हे नंतर ठरवता येते, पुन्हा बदलताही येते. यातला ‘एफपीजीए’ हा प्रकार अमेरिकेच्या झायलिंक्स कंपनीने १९८५ साली आणला. त्या पहिल्या चिपमध्ये अवघे ६४ कप्पे होते. आज मोठ्या चिपमध्ये ते लाखांनी मोजतात.

कोणी विचारील, मग कॉम्प्युटर काय वाईट? त्याचा प्रोसेसर मुख्यतः एकामागून एक हुकूम पाळतो. एफपीजीएचे कप्पे मात्र एकाच वेळी राबतात, जसे बाण्याच्या एका फेकीला सारे हुक एकदम उठतात. मुरबाडहून माळशेज घाट चढून गेले की नारायणगावजवळ खोडदची रेडिओ दुर्बीण आहे. तिच्या ३० तबकड्या, प्रत्येकी ४५ मीटर व्यासाची. आकाशातून येणाऱ्या लहरी क्षणभरही थांबत नाहीत. दुर्बिणीची सुधारणा झाली तेव्हा एका वेळी पकडता येणारा पट्टा ३२ मेगाहर्ट्झवरून ४०० वर नेला. त्या लहरींचे आकडे बनवून पुढे पाठवण्याचे काम तिथे एफपीजीए करतात. लग्नमंडपातल्या मोठ्या एलईडी पडद्यांच्या कार्डांवरही हीच जातकुळी सापडते. पंप चालू-बंद करायला मात्र ती कोणी गळ्यात मारत असेल तर घेऊ नये; तिथे स्वस्त मायक्रोकंट्रोलर पुरतो.

आता पैशाची गोष्ट. बहुतेक एफपीजीए वीज गेली की नक्षी विसरतात. वीज आली की शेजारच्या लहान मेमरी चिपमधून ती पुन्हा वाचून घेतात. त्यामुळे यंत्राचे असे कार्ड जळाले तर बाजारातून कोरी चिप आणून भागत नाही. नक्षीची फाइल लागते. ती सहसा यंत्र बनवणाऱ्याकडे असते आणि पुष्कळदा कुलूपबंद असते. नवे-जुने इलेक्ट्रॉनिक यंत्र घेताना भरलेले कार्ड कोण देईल, किती वर्षे देईल आणि काय दराने, हे आगाऊ रक्कम मोजण्याआधी कागदावर लिहून घ्यावे.