सौर उष्णतेची साठवण आणि वसतिगृहाचा थंडावा

ज्या माजी विद्यार्थ्यांनी वसतिगृहाच्या वरच्या मजल्यावर उन्हाळा काढला, त्यांना एप्रिलमधील रात्री आठवत असतील. सूर्य मावळून दोन-तीन तास उलटले तरी छत तापलेलेच असे, पंखा गरम हवाच खाली ढकलीत असे आणि परीक्षेच्या तोंडावर मुले गाद्या उचलून व्हरांड्यात येत असत. त्याच इमारतीत डिसेंबरच्या पहाटे गरम पाण्यासाठी बंबापुढे रांग लागे. उष्णता नको तेव्हा भरपूर आणि हवी तेव्हा दुर्मीळ, अशी ही स्थिती होती. आता वरच्या मजल्यावर वातानुकूलन यंत्रे बसवावीत, अशी सूचना पुढे आली आहे. तिचा निर्णय होण्यापूर्वी या उष्णतेचे शास्त्र आपण सर्वांनी मिळून समजून घ्यावे, या हेतूने हा लेख सादर करीत आहोत.

निरभ्र आकाश असताना भर दुपारी एक चौरस मीटर जागेवर सुमारे 1 किलोवॉट सौरऊर्जा पडते. म्हणजे 100 चौरस मीटरच्या गच्चीवर त्या वेळी सुमारे 100 किलोवॉटचा वर्षाव होत असतो. ऊर्जेची येथे वाण नाही. अडचण आहे ती वेळेची.

ही ऊर्जा कामाला लावण्याचा एक प्रयत्न सुमारे दीडशे वर्षांपूर्वी मुंबईतच झाला. विल्यम ॲडम्स या इंग्रज अधिकाऱ्यांनी अनेक सपाट आरशांच्या साहाय्याने ऊन बॉयलरवर एकवटले, वाफ तयार केली आणि तिच्यावर पंप चालवला. उष्ण प्रदेशांत सूर्याची उष्णता इंधनाची जागा घेऊ शकेल, असे प्रतिपादन करणारे त्यांचे पुस्तक 1878 साली प्रसिद्ध झाले. त्याच वर्षी पॅरिसच्या जागतिक प्रदर्शनात ऑगस्तँ मुशो यांनी सौर उष्णतेवर बर्फ तयार करून दाखवला. उष्णतेपासून बर्फ, हे ऐकून नवल वाटते. पण त्यामागील तत्त्व सरळ आहे. पाण्यात विरघळलेला अमोनिया तापवला की वेगळा होतो. दाबाखाली थंड करून त्याचा द्रव केला आणि तो पुन्हा बाष्प होऊ दिला, की तो भोवतालची उष्णता शोषून घेतो. आजची शोषण पद्धतीची शीतयंत्रे याच तत्त्वावर चालतात. परंतु सूर्य ढळला की अशा यंत्राचा उष्णतेचा स्रोत आटतो. म्हणून सौर उष्णतेच्या संशोधनात साठवणीला एवढे महत्त्व आहे.

साठवणीचे सर्वांत स्वस्त साधन पाणी होय. 1000 लिटर पाणी 25 अंशांवरून 60 अंश सेल्सिअसपर्यंत तापवले, तर त्यात सुमारे 40 युनिट विजेइतकी उष्णता साठते. टाकीला चांगले उष्णतारोधक आवरण असेल, तर दुपारचे ऊन पहाटेच्या अंघोळीला उपयोगी पडते. दुसरा मार्ग अप्रकट उष्म्याचा. एक किलो बर्फ नुसता वितळताना जेवढी उष्णता घेतो, तेवढ्या उष्णतेत एक किलो पाण्याचे तापमान 80 अंशांनी वाढले असते. म्हणून काही मोठ्या इमारतींत रात्री बर्फ तयार करून दिवसा त्यावर थंडावा मिळवतात. तिसरा मार्ग वितळलेल्या क्षारांचा. स्पेनमधील सेव्हिलजवळच्या हेमासोलार प्रकल्पात सोडियम व पोटॅशियम नायट्रेटचे मिश्रण सुमारे 565 अंशांपर्यंत तापवून साठवतात. 2011 साली सुरू झालेल्या या प्रकल्पाची साठवण, सूर्यप्रकाश नसतानाही 15 तास वीज देता येईल एवढी आहे.

उष्णतेची साठवण आपल्या भिंती आणि छतेही करतात, आणि वरच्या मजल्याच्या त्रासाचे मूळ तेथेच आहे. छताच्या पृष्ठभागावरील ऊब आत पोहोचायला वेळ लागतो. नऊ इंची विटांच्या भिंतीतून दुपारची उष्णता सुमारे सात तासांनी आत उतरते. आपल्या उघड्या स्लॅबला त्याहून कमी वेळ लागतो, म्हणून ती नेमकी अभ्यासाच्या आणि झोपेच्या वेळी येते. पत्र्याला तर हा विलंबही नसतो.

जाडी पुरेशी वाढली की ही चढउतारच विरून जाते. अर्धा मीटर खडकापलीकडे दिवस-रात्रीच्या तापमानातील फरक जेमतेम विसाव्या हिश्शाएवढा उरतो. भाजे, कार्ले, कान्हेरी येथील विहारांत वैशाखातही गारवा का जाणवतो, याचे एक मोठे कारण हेच आहे. खडकात भिक्खूंसाठी कोरलेली ती निवासस्थाने कोणत्याही यंत्राविना राहण्यायोग्य राहिली.

आपण डोंगर कोरू शकत नाही. पण क्रम पाळू शकतो. प्रथम ऊन आत येऊ देऊ नये. नुसत्या सिमेंटची गच्ची उन्हाचा बराचसा भाग शोषते; चुन्याची ताजी सफेदी त्यातील बहुतांश परतवते. पश्चिमेच्या खिडक्यांना छज्जा आणि अंगणात झाडे, हे याच पायरीतले. दुसरी पायरी रात्रीच्या वाऱ्याची. दिवसा खिडक्या बंद आणि रात्री समोरासमोरच्या उघड्या, एवढ्याने भिंती निवतात. मात्र जेथे रात्रीही हवा दमट व उष्ण असते, तेथे हा उपाय तोकडा पडतो. यंत्र ही तिसरी पायरी. वातानुकूलन यंत्राचा ‘टन’ म्हणजे त्याचे वजन नव्हे. सुमारे 900 किलो बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषेल, तेवढे शीतलीकरण, म्हणजे साधारण 3.5 किलोवॉट. गच्चीवरील 100 किलोवॉट मोकळे सोडून दोन-चार टनांची यंत्रे बसवणे म्हणजे गळकी टाकी भरण्यासाठी मोठा पंप घेणे होय. त्याचे वीजबिल दरमहा पालकांच्या शुल्कावर आणि देणगीदारांच्या दानावर पडणार.

म्हणून आमची विनंती अशी की, येत्या उन्हाळ्यात शेजारशेजारच्या दोन सारख्या खोल्या निवडाव्यात. एकीच्या छतावर चुना द्यावा, दुसरी आहे तशी ठेवावी. नववीच्या विद्यार्थ्यांनी महिनाभर दुपारी तीन आणि रात्री नऊ वाजता दोन्हींचे तापमान वहीत नोंदवावे. बांधकाम व अभियांत्रिकी क्षेत्रांतील माजी विद्यार्थ्यांनी ती वही तपासावी आणि मगच यंत्रांचा निर्णय व्हावा. त्या नोंदींवरून यंत्रे लागतीलच असे दिसले, तर ती अवश्य घ्यावीत. पण किती टनांची, हे त्या वहीने ठरवावे.