परमुलखांतील पाळक : हॉल व नॉट यांचें मुंबईंतील पहिलें वर्ष

दर वर्षीं १७ सप्टेंबर रोजीं ध्वजवंदन आटोपलें म्हणजे आमच्या वर्गांत १९४८ सालच्या गोष्टी निघतात. नांदेडकडील मुलें आपल्या आजोबांनीं पैनगंगा ओलांडून वऱ्हाडांत आसरा कसा घेतला तें सांगतात. लातूरकडील मुलें बार्शी-सोलापुरास नेलेल्या बैलगाड्यांच्या हकीकती सांगतात. अशाच एका दिवशीं मागच्या बाकावरील एका मुलानें विचारलें, "गुरुजी, धामधुमीच्या वेळीं जो माणूस मुळांतच दुसऱ्या देशचा असेल, त्यानें कोठें जावें? त्याला नदीपलीकडे सोयरेहि नसतात." प्रश्न मार्मिक होता, व त्या वेळीं आम्हांस त्याचें नीट उत्तर देतां आलें नाहीं. म्हणून या वर्षीं वरच्या वर्गांस आम्हीं मुंबई इलाख्यांतील पहिल्या अमेरिकन पाळकांचा पाठ दिला. तोच पाठ, थोडा विस्तारून, विद्यार्थ्यांकरितां व त्यांच्या पालकांकरितां येथें देत आहों.

गॉर्डन हॉल व सॅम्युएल नॉट हे अमेरिकेंतील दोन तरुण. अमेरिकन बोर्ड ही परदेशांत मिशनरी पाठविणारी संस्था १८१० सालीं निघाली, आणि ६ फेब्रुवारी १८१२ रोजीं सेलम या बंदरच्या गांवीं पांच जणांस पाळकपदाची दीक्षा देण्यांत आली. हॉल, नॉट, जडसन, न्यूएल व राइस हे ते पांच. त्याच महिन्यांत ते दोन जहाजांनीं कलकत्त्याकडे निघाले. जडसन व न्यूएल हे सपत्नीक १७ जून रोजीं कलकत्त्यास उतरले, आणि दुसऱ्याच दिवशीं, १८ जून १८१२ रोजीं, तिकडे अमेरिकेनें इंग्लंडविरुद्ध युद्ध पुकारलें. आगबोट व तारायंत्र यांच्या पूर्वींचा तो काळ. युद्धाची वार्ता समुद्र ओलांडून हिंदुस्थानांत येण्यास कित्येक महिने लागावयाचे. ऑगस्टमध्यें हॉल व नॉट यांचें जहाज येऊन लागलें तेव्हां आपण शत्रुराष्ट्राचे प्रजाजन झालों आहों, हें त्यांच्या गांवींहि नव्हतें.

परंतु युद्ध नसतें तरी त्यांचें स्वागत झालें असतें असें नाहीं. कंपनी सरकारच्या परवान्यावांचून कोणाहि युरोपियनास तिच्या मुलखांत राहतां येत नसे, आणि मिशनऱ्यांस परवाना देण्यास तर कंपनी मुळींच राजी नव्हती. हा जुनाच विरोध सहा वर्षांपूर्वींच्या एका प्रकारानें अधिकच वाढला होता. १८०६ सालीं वेलोरच्या किल्ल्यांत शिपायांनीं बंड केलें. कपाळावर गंध लावूं नये, दाढी ठेवूं नये, नव्या तऱ्हेची पगडी घालावी, असे हुकूम लष्करांत सुटले होते, व आपला धर्म बुडविण्याचा हा डाव आहे अशी शिपायांची समजूत झाली. त्या हुकुमांशीं कोणा पाळकाचा कांहीं संबंध नव्हता. तथापि विलायतेंत पुष्कळांनीं बंडाचा दोष मिशनऱ्यांच्या माथीं मारला. राज्य डळमळूं लागलें म्हणजे राज्यकर्ते आपला हुकूम तपासण्याआधीं परका माणूस तपासतात. विल्यम केरी हे इंग्लंडचेच रहिवासी असूनहि कंपनीच्या हद्दीबाहेर, डेन्मार्कच्या ताब्यांतील श्रीरामपुरास राहून काम करीत, तें याच अडचणीमुळें. मराठीचें व्याकरण १८०५ सालीं छापणारे ते हेच केरी.

कलकत्त्यास या अमेरिकनांस हुकूम मिळाला कीं, तुम्ही परत जा. न्यूएल दांपत्य मॉरिशस बेटाकडे निघालें. वाटेंत त्यांस मूल झालें तें दगावलें, व हॅरिएट न्यूएल ही ३० नोव्हेंबर १८१२ रोजीं त्या बेटावर मरण पावली. तिचें वय अवघें १९ वर्षांचें होतें. आमच्या वरच्या वर्गांतील मुलींहून दोन-तीन वर्षांनींच मोठी. हॉल, नॉट व नॉटबाई यांनीं मात्र मुंबईस जाणारें जहाज गांठलें, आणि ११ फेब्रुवारी १८१३ रोजीं तीं तिघें मुंबईस उतरलीं.

मुंबईचे गव्हर्नर सर इव्हान नेपियन हे होते. कलकत्त्याहून पत्र आधींच येऊन पडलें होतें, कीं या दोघांस विलायतेस रवाना करा. नेपियन हे सज्जन गृहस्थ होते, व धर्मकार्याविषयीं त्यांच्या मनांत सहानुभूति होती. त्यांनीं दोघांस बोलावून त्यांचें म्हणणें ऐकून घेतलें, कलकत्त्यास रदबदली केली व हुकुमाची बजावणी लांबणीवर टाकली. इतक्यांत युद्धाची बातमी येऊन थडकली, आणि सर्वच पालटलें. कालपर्यंत ते परवाना नसलेले उपदेशक होते; आतां ते शत्रूकडील माणसें ठरले. ते कोणते हेर होते, त्यांनीं कोणतें रहस्य कोणास कळविलें, असें विचारावें तर उत्तर कांहींच नाहीं. केवळ जन्मभूमि हाच त्यांचा अपराध.

येथें पालकांस आपल्याकडील दिवस आठवल्यावांचून राहणार नाहींत. रझाकारांचे पुढारी कासीम रझवी हे लातूर येथें वकिली करीत असत. त्यांच्या माणसांनीं गांवोगांवीं जो उच्छाद मांडला त्याच्या आठवणी आमच्या घराघरांत आहेत. पण सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतरच्या आठवड्यांत काय झालें, तेंहि मुलांस सांगावें असें आम्हांस वाटतें. उस्मानाबाद (लातूर त्या काळीं त्याच जिल्ह्यांत होतें), नांदेड, बीदर व गुलबर्गा या जिल्ह्यांतून ज्यांनीं कधीं काठी उचलली नव्हती अशा मुसलमान कुटुंबांसहि सुडाचे बळी व्हावें लागलें. तीं माणसें तर परदेशचीं नव्हतीं. त्याच गल्लींत जन्मलेलीं, तीच बोली बोलणारीं. शेजारीहि एका रात्रींत परका ठरतो, मग समुद्रापलीकडून आलेल्याची काय कथा!

आतां पाठाच्या मुख्य भागाकडे वळूं, कारण वर्गांत खरा वाद येथेंच झाला.

१८१३ च्या अखेरीस दोघांस विलायतेच्या जहाजावर चढविण्याचें ठरलें. तेव्हां हॉल व नॉट यांनीं कोणास न कळवितां, किनाऱ्याकिनाऱ्यानें जाणाऱ्या एका लहान गलबतांतून मुंबई सोडली. पत्नी व तान्हें मूल नॉट यांनीं मुंबईसच ठेवलें. कुटुंबासह निघते तर बेत तेव्हांच उघडकीस आला असता. त्यांस लंकेस जावयाचें होतें. लंका कंपनीच्या नव्हे तर थेट इंग्लंडच्या राजाच्या अमलाखालीं होती, व न्यूएल तेथें जाऊन पोहोंचले होते. परंतु कोचीनपर्यंत गेल्यावर मुंबईच्या हुकुमानें त्यांस अडविण्यांत आलें व परत आणण्यांत आलें.

आमच्या विद्यार्थ्यांपैकीं बहुतेकांनीं या पलायनाची वाहवा केली. मुलांस रात्रीं निसटून जाण्याच्या गोष्टी आवडतात, आणि ज्यांच्या घरीं पैनगंगेच्या गोष्टी चालतात त्यांस तर त्या अधिकच आवडाव्यात. आम्हीहि लहानपणीं त्याच पक्षाचे होतों. पुन्हां वाचतांना मात्र आमचें मत बदललें. जुलूम करणाऱ्याच्या हातून निसटणें निराळें, आणि ज्यानें आपल्याकरितां रदबदली केली त्याच्या हातून गुपचूप निसटणें निराळें. नेपियन यांनीं आपल्या वरिष्ठांकडे या दोघांच्या सरळपणाची एक प्रकारें हमी घेतली होती. पाळक पळाले तेव्हां त्या हमीस बट्टा लागला, आणि मिशनरी मंडळी विश्वासास पात्र नाहींत असें म्हणणाऱ्यांस आयतेंच साधन मिळालें. गव्हर्नरसाहेब रागावले यांत नवल नाहीं. आपण मनुष्याच्या हुकुमापेक्षां देवाची आज्ञा वरिष्ठ मानली, असें त्या दोघांचें समर्थन होतें. तें मनापासूनचें होतें याविषयीं आम्हांस शंका नाहीं. पण वर्गांतील एका मुलीनें हलकेच म्हटलें, "मग नॉटबाईंना मागें कां ठेवलें?" त्यावर पळणाऱ्यांच्या पक्षांतील मंडळी बराच वेळ गप्प होती.

यापेक्षां मोठी गोष्ट पुढें घडली. डिसेंबर महिन्यांत, पुन्हां हद्दपारीचा दिवस नेमला गेला असतां, त्यांनीं नेपियन यांस एक पत्र लिहिलें. या वेळीं लपवाछपवी नव्हती. आम्ही कोणत्याहि राज्याविरुद्ध कारस्थान करण्यास आलों नाहीं. आम्हांस घालवून देण्याचा अधिकार आपल्या हातीं आहे, पण त्या कृत्याचा जाब एके दिवशीं देवाच्या न्यायासनापुढें द्यावा लागेल, याचा विचार करावा, असा त्या पत्राचा आशय होता. हातांत शस्त्र नाहीं, पाठीशीं वकील नाहीं, मायदेश युद्धांत गुंतलेला, अशा माणसांनीं गव्हर्नरास असें उघडपणें लिहावें, यास आम्ही धैर्य म्हणतों. नेपियन यांनीं हुकूम थांबविला व विलायतेहून निकाल येईपर्यंत त्यांस राहूं दिलें.

यांत एक चमत्कारिक गोष्ट आहे. ज्या कायद्यानें मिशनऱ्यांस हिंदुस्थानांत येण्याची वाट मोकळी केली, तो १८१३ चा सनदी कायदा लंडनमध्यें जुलै महिन्यांतच मंजूर झाला होता! गलबतांत बसून हे दोघे कोचीनकडे निघाले तेव्हां तो होऊन चार महिने उलटले होते. मात्र त्याचा अंमल एप्रिल १८१४ मध्यें सुरू व्हावयाचा होता. पुढें कंपनीच्या संचालकांपैकीं चार्ल्स ग्रँट यांनीं त्यांची बाजू उचलून धरली व त्यांस राहण्याची परवानगी मिळाली. इंग्लंड-अमेरिकेचा तहहि २४ डिसेंबर १८१४ रोजीं गेंट येथें झाला.

हें सर्व चाललें असतां हीं माणसें दिवसभर काय करीत होतीं? मराठी शिकत होतीं. उद्यां जहाजावर चढवितील कीं परवां, याचा भरंवसा नाहीं. तरी शिक्षक ठेवून मुळाक्षरांपासून अभ्यास चालू होता. जी भाषा आपणांस कदाचित् पुन्हां ऐकूंहि यावयाची नाहीं तिचे धातु व प्रत्यय घोकीत बसावयाचें, ही गोष्ट आम्हां शिक्षकांस त्या पलायनाहून फार अधिक वाटते. परीक्षा पुढें ढकलली कीं पुस्तक मिटणाऱ्या विद्यार्थ्यांची आठवण येथें होते, पण तें असो.

या मंडळींची सर्वच मतें आम्हांस मान्य आहेत असें कोणी समजूं नये. येथील लोकांच्या देवधर्माविषयीं त्यांच्या पत्रांतून जे कठोर शब्द येतात ते आज वाचवत नाहींत, आणि ज्यांच्या ओसरीवर बसून आपण बोलतों त्यांच्याविषयीं घरीं असें लिहिणें आम्हांस शोभण्यासारखें वाटत नाहीं. परंतु ज्या शाळा त्यांनीं काढल्या त्या या गांवच्या मुलांकरितां होत्या. १८२४ सालीं मुंबईंत अमेरिकन मिशननें मुलींची शाळा उघडली, तेव्हां मुलीनें अक्षर गिरवावें ही कल्पनाच पुष्कळांस विपरीत वाटे.

राज्यकर्त्यांचा संशय पुढेंहि संपला नाहीं. शंभर-सव्वाशें वर्षांनीं पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघांत आलेले इंग्रज पाळक व्हेरिअर एल्विन हे गांधीजींच्या चळवळीकडे ओढले गेले. या खेपेस सरकार त्यांच्याच देशाचें, पण संशय तोच. १९३२ सालीं ते विलायतेस गेले, तेव्हां राजकारणांत भाग घेणार नाहीं असें वचन दिल्यावरच त्यांस परतण्याची मोकळीक मिळाली. श्यामराव हिवाळे या मराठी मित्राबरोबर ते मंडला जिल्ह्यांतील गोंडांत जाऊन राहिले, पुढें पाळकपद त्यांनीं सोडलें, व १९५४ सालीं ते भारताचे नागरिक झाले. त्या लेखी वचनानें त्यांनीं कांहीं गमाविलें कीं सर्व कांहीं राखलें, यावर वरच्या वर्गानें पुढील वर्षीं वाद घालावा.

नॉट यांची प्रकृति येथें टिकली नाहीं. ते १८१५ सालीं परत गेले. न्यूएल लंकेहून मुंबईस येऊन मिळाले, व १८२१ सालीं पटकीनें वारले. हॉल राहिले. १८१८ सालीं पेशवाई बुडाली, व ज्या घाटमाथ्यावर पूर्वीं जातां येत नसे तेथें जाण्याची वाट त्यांस मोकळी झाली. १८२५ सालीं मुलांच्या प्रकृतीकरितां पत्नी मुलांना घेऊन अमेरिकेस गेली. एक मुलगा वाटेंतच समुद्रावर वारला. हॉल यांनीं मात्र काम सोडलें नाहीं.

मार्च १८२६ मध्यें ते नाशिकच्या बाजूस गेले, तों तेथें पटकीचा कहर चालू होता. जवळचें बहुतेक औषध त्यांनीं रोग्यांस वांटून टाकलें व मुंबईकडे परत निघाले. १९ तारखेच्या रात्रीं वाटेवरील एका खेड्यांत देवळाच्या ओसरींत त्यांनीं अंथरूण टाकलें. पहांटे पटकीनें त्यांसच गांठलें. पेटींत पुरेसें औषध उरलें नव्हतें. २० मार्च रोजीं दुपारच्या सुमारास त्यांचा अंत झाला. बरोबर दोन ख्रिस्ती मुलें होतीं. त्यांनीं मोठ्या खटपटीनें खड्डा खणविला, व पेटी नसल्यामुळें कांबळ्यांत गुंडाळून त्यांस तेथेंच मूठमाती दिली. वय ४१ वर्षांचें होतें. ज्या मराठी नव्या कराराकरितां ते इतकीं वर्षें खपले, तो त्याच सालीं मुंबईस छापून बाहेर पडला.