अरण्यांचीं बेटें व त्यांमधील वाटा

बेट म्हटलें कीं चोहों बाजूंनीं समुद्रानें वेढलेला भूमीचा तुकडा आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. चंद्रपूर व गडचिरोली या आपल्या अरण्यमय जिल्ह्यांपासून समुद्र शेंकडों मैल दूर आहे, आणि आपल्यांतील पुष्कळ विद्यार्थ्यांनीं तो पाहिलेलाहि नसेल. तथापि आपल्या जिल्ह्यांतहि बेटें आहेत. तीं पाण्यानें नव्हे, तर शेतें, रस्ते, रूळ आणि खाणी यांनीं वेढलेलीं आहेत. हीं बेटें कोणतीं, तीं एकाकी पडल्यास काय होतें, आणि त्यांना एकमेकांशीं जोडण्याची योजना कशी करावी लागते, हें या लेखांत थोडक्यांत सांगण्याचें योजिलें आहे.

१. बेटांचा नियम

प्रशांत महासागरांत हजारों लहानमोठीं बेटें विखुरलेलीं आहेत. त्यांपैकीं अनेकांवर असे पक्षी व अशा वनस्पती आहेत कीं, त्या जगांत अन्यत्र कोठेंहि सांपडत नाहींत. दीर्घकाळ इतर भूमीपासून तुटून राहिल्यामुळें तेथील जीवसृष्टि स्वतंत्रपणें घडत गेली. परंतु याच एकांतामुळें ती दुर्बळहि झाली आहे. बेटावरील एकेका जातीची संख्या मुळांतच अल्प. एखादा रोग, वादळ अथवा नवा शत्रु आला, तर पळून जावयास जागा नाहीं, आणि नाश पावलेल्यांची उणीव भरून काढण्यास बाहेरून सहसा कोणी येत नाहीं. ग्वाम बेटाचें उदाहरण प्रसिद्ध आहे. दुसरें महायुद्ध संपल्यानंतर जहाजांतील मालाबरोबर तपकिरी रंगाचा एक वृक्षसर्प तेथें शिरला. तेथील पाखरांना अशा शत्रूची ओळख नव्हती. सुमारें चाळीस वर्षांत मूळच्या बारा जातींच्या वनपक्ष्यांपैकीं दहा जाती त्या बेटाच्या रानांतून नाहींशा झाल्या.

१९६७ सालीं रॉबर्ट मॅकआर्थर व एडवर्ड विल्सन या दोघां अमेरिकन शास्त्रज्ञांनीं बेटांविषयींचा आपला सिद्धांत ग्रंथरूपानें मांडला. त्याचें सार असें कीं, बेट जितकें लहान, तितक्या त्यावरील जाती लवकर नष्ट होतात. आणि बेट जितकें दूर, तितके नवे जीव तेथें कमी पोंचतात. हा नियम समुद्रापुरताच नाहीं. शेतांनीं वेढलेल्या वनालाहि तो लागू पडतो, हें पुढें अभ्यासकांच्या ध्यानांत आलें.

२. आपल्या जिल्ह्यांतील बेटें

आतां नकाशा पुढें घ्या. वैनगंगा ही चंद्रपूर व गडचिरोली यांच्यामधून वाहते. चपराळ्याजवळ तिला वर्धा मिळते, आणि तेथून पुढें त्या प्रवाहाला प्राणहिता म्हणतात. नदीच्या पूर्वेस गडचिरोलीचें विस्तीर्ण वन. पश्चिमेस चंद्रपूरचें, परंतु तें ठिकठिकाणीं तुटलेलें. भाताचे बांध, कोळशाच्या खाणी, गोंदिया-बल्लारशा लोहमार्ग, गोसीखुर्दचे कालवे आणि रुंद होत गेलेले रस्ते यांनीं त्याचे तुकडे केले आहेत.

या तुकड्यांत ताडोबाचें महत्त्व विशेष. १९५५ सालीं ११६.५५ चौरस किलोमीटर क्षेत्र राष्ट्रीय उद्यान म्हणून जाहीर झालें. १९८६ सालीं त्यास लागून ५०८.८५ चौरस किलोमीटरांचें अंधारी अभयारण्य झालें. या दोहोंची बेरीज ६२५.४० होते, हाच ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पाचा गाभा होय. २०१० सालीं त्याच्या भोंवतीं सुमारें ११०० चौरस किलोमीटरांचा संरक्षक पट्टा आंखण्यांत आला. या पट्ट्यांत गांवें व शेतें आहेत. तेथें मनुष्य आणि वन्य प्राणी या दोघांचाहि विचार करून कारभार चालवावयाचा असतो.

या श्रमाचें फळ दिसून आलें आहे. २००६ च्या गणनेंत महाराष्ट्रांत १०३ वाघ होते. २०२२ च्या गणनेंत ते ४४४ झाले. परंतु संख्या वाढली म्हणजे प्रश्न सुटला असें नाहीं. बेट होतें तेवढेंच राहिलें, रहिवासी मात्र वाढले.

३. वाघ घर सोडून कां निघतो?

वाघाचा बच्चा साधारणपणें दोन वर्षांचा झाला कीं आईचें क्षेत्र सोडतो. नराला स्वतःचें रान हवें असतें, आणि तें जवळपास मोकळें नसेल तर तो चालूं लागतो. या चालण्यांत सृष्टीची मोठीच सोय आहे. नातलगांचा संबंध टळून नवें रक्त दूरच्या रानांत पोंचतें व वंश निरोगी राहतो. वाटच उरली नाहीं तर लहान वनांतील प्राणी आपसांतच वाढतात, आणि कांहीं पिढ्यांनीं त्यांचा वंश क्षीण होतो.

यवतमाळ जिल्ह्यांतील टिपेश्वर अभयारण्यांतल्या एका तरुण वाघाच्या गळ्यांत अभ्यासकांनीं रेडिओ-पट्टा बांधला होता. जून २०१९ मध्यें तो निघाला. शेतें, नाले, रस्ते ओलांडीत तेलंगणांतहि शिरला, आणि डिसेंबरपर्यंत तेराशें किलोमीटरांहून अधिक चालून बुलढाणा जिल्ह्यांतील ज्ञानगंगा अभयारण्यांत पोंचला. तेथें त्याला भक्ष्य मिळालें, निवारा मिळाला. परंतु वाघीण त्या रानांत नव्हती. वाट सांपडली तरी पलीकडचें बेट ओसाड असेल तर प्रवास निष्फळ होतो, हें यावरून समजतें.

सगळेच प्रवास इतके सुखरूप होत नाहींत. नोव्हेंबर २०१८ मध्यें चंद्रपूरजवळ चिचपल्लीच्या रानांत लोहमार्गावर वाघाचे तीन बच्चे आगगाडीखालीं सांपडून मेले.

४. योजना कशी आंखतात?

एका वनाभोंवतीं कुंपण घालणें ही योजना नव्हे. संपूर्ण प्रदेश एकत्र घेऊन चार प्रश्न विचारावे लागतात.

पहिला: गाभा कोणता? जेथें प्राणी निर्वेधपणें वाढतील अशीं मोठीं रानें प्रथम निश्चित करावयाचीं.

दुसरा: थांबे कोठें? नाला ओलांडतांना आपण दगडावरून दगडावर पाय टाकतों, त्याप्रमाणें प्राण्यालाहि मधून मधून विसाव्याचीं रानें लागतात. २०१८ सालीं घोडाझरी व २०२१ सालीं कन्हारगांव हीं अभयारण्यें झालीं. घोडाझरी उमरेड-कऱ्हांडल्याच्या दिशेला, तर कन्हारगांव तेलंगणांतील कवल व्याघ्रप्रकल्पाच्या दिशेला आहे.

तिसरा: अडथळा कसा ओलांडावा? नागपूर-शिवनी महामार्ग पेंचच्या रानांतून जातो. तेथें प्राण्यांकरितां नऊ ठिकाणीं रस्ता उंच उचलून खालून वाट ठेविली आहे. अशी सर्वांत लांब वाट ७५० मीटर आहे. तेथें बसविलेल्या कॅमेऱ्यांत वाघ, रानकुत्रे व चितळ खालून जातांना दिसले आहेत. रस्ता हवा कीं रान हवें, असा वाद नेहमींच घालण्याचें कारण नाहीं. मात्र अशी सोय आरंभींच्याच आराखड्यांत करावी लागते.

चौथा: सीमेपलीकडे काय? छत्तीसगडच्या सीमेलगत कोलामार्का येथें २०१३ सालीं रानम्हशींसाठीं १८०.७२ चौरस किलोमीटरांचें संवर्धन राखीव क्षेत्र झालें. या म्हशींना पलीकडच्या इंद्रावतीच्या रानाचा आधार आहे. एका राज्यानें राखून दुसऱ्यानें उपेक्षिल्यास त्या वांचणार नाहींत. २०२१ च्या ऑक्टोबरांत छत्तीसगडांतूनच रानहत्तींचा कळप गडचिरोलींत आला, आणि जुनी वाट अजून बुजलेली नाहीं हें कळलें. त्या वाटेवरील शेतकऱ्यांच्या धानाची मात्र नासाडी झाली.

येथें एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. जैवविविधता म्हणजे केवळ वाघ नव्हे. साग, बांबू, मोह, शेकरू, गिधाड, मासे, कीटक, गवत या सर्वांचा मिळून तो संसार आहे. आलापल्लीजवळील जुन्या सागांचें ‘वनवैभव’ २०१४ सालीं महाराष्ट्रांतील पहिलें जैवविविधता वारसास्थळ ठरलें, तें याच दृष्टीनें.

५. वाटेंत राहणारीं माणसें

आतांपर्यंत आपण नकाशावर रेघा ओढल्या. परंतु दोन रानांना जोडणारी रेघ ज्या भूमीवरून जाते, ती रिकामी नाहीं. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल, आरमोरी या बाजूचीं गांवें त्या रेघेवरच वसलेलीं आहेत. चैत्राच्या सुमारास पहांटे टोपली घेऊन मोहफुलें वेंचावयास गेलेली बाई खालीं वांकलेली असते, आणि वाघाला ती माणूस म्हणून उमगत नाहीं. अशा रीतीनें, तसेंच तेंदूपानें तोडतांना वा गुरें राखतांना, आपल्या जिल्ह्यांत अनेकांनीं प्राण गमावले आहेत. सरकार भरपाई देतें. परंतु त्या घरांतील लेकरांची आई परत येत नाहीं. दूर शहरांत बसून वाघांच्या वाढत्या संख्येचा आनंद मानणाऱ्यानें हें दुःख हिशेबांत धरलें पाहिजे. ज्यांच्या अंगणांतून वाट जाते त्यांच्या संमतीवांचून आंखलेली योजना न्याय्य नाहीं, आणि ती टिकणारहि नाहीं.

ही संमति कशी मिळते याचें उदाहरण धानोरा तालुक्यांतील मेंढा (लेखा) या गोंड गांवीं आहे. २००६ च्या वनहक्क कायद्यान्वयें २००९ सालीं या गांवास सुमारें १८०९ हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळाला. २०११ च्या एप्रिलांत केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनीं बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकार ग्रामसभेच्या हातीं सोंपविला. तेथें निर्णय बहुमतानें न करतां सर्वसहमतीनें करण्याचा प्रघात आहे; आणि निर्णयापूर्वीं गांवकरी अभ्यासगटांत बसून विषय समजून घेतात. रान आपलें आहे अशी खात्री पटली कीं त्याची राखणहि मनापासून होते. पुढें गडचिरोलींतील शेंकडों गांवांनीं असे हक्क मिळविले.

प्रशांत महासागरांतील पलाऊच्या बेटांवरहि अशीच एक जुनी रीत आहे. मासे विणीला आले कीं गांवचे प्रमुख एखाद्या प्रवाळखडकावरील मासेमारी कांहीं काळ बंद करीत. तिला तेथें ‘बुल’ म्हणतात. २००६ सालीं पलाऊ, मायक्रोनेशिया, मार्शल बेटें, ग्वाम व उत्तर मारियाना यांच्या सरकारांनीं मिळून संकल्प केला कीं, २०२० पर्यंत किनाऱ्यालगतच्या समुद्राचे शेंकडा ३० व भूमीचे शेंकडा २० भाग राखावयाचे. एकेका बेटाचें बळ तोकडें, म्हणून सर्वांनीं एक आराखडा धरला. आणि गांवच्या जुन्या रीतींचाहि त्या कामीं आधार घेतला.

६. आपल्या हातचें काय?

मोहाखालचा पाचोळा पेटविल्यानें वणवा लागतो. कांहीं ठिकाणीं झाडाखालीं जाळी बांधून फुलें झेलतात, ती रीत घ्यावी. रानांत एकट्यानें न जातां जमावानें जावें, बोलत जावें. वाघ दिसल्यास गर्दी करून त्याची वाट अडवूं नये. ग्रामसभेंत वनाचा विषय निघेल तेव्हां पालकांनीं अवश्य जावें, आणि मुलांनीं शाळेंत शिकलेलें घरीं वाचून दाखवावें.

अभ्यास

१. जिल्ह्याच्या नकाशावर ताडोबा, घोडाझरी, कन्हारगांव, चपराळा व भामरागड हीं ठिकाणें हिरव्या रंगानें दाखवा. त्यांमधील रस्ते, रूळ व कालवे तांबड्या रंगानें काढा. हिरव्यापासून हिरव्यापर्यंत जातांना तांबडी रेघ किती वेळां ओलांडावी लागते?

२. आपल्या गांवाजवळून प्राण्यांची जुनी वाट जात होती काय, हें आजोबा-आजींस विचारून लिहा. ती आज कोठें अडली आहे?

३. आपल्या गांवावरून अशी वाट ठेवावयाची झाली, तर गांवानें कोणत्या अटी घालाव्या? घरीं विचारविनिमय करून दहा ओळी लिहा.